पिवळा फ्रॉक की निळा?

माझ्या साडूइतका घाबरट बाप अख्ख्या इंदुरात दुसरा कुणी दाखवून दिला, तर मी बडा गणपतीसमोर भर रस्त्यात उभा राहून शेवेशिवाय पोहे खायला तयार आहे. याहून भारी शपथ इंदूरकराला ठाऊक नाही. एरवी हा गृहस्थ विम्याच्या ऑफिसात साहेब, चांगला उंचापुरा, मिशाही बऱ्यापैकी राखून. पण लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली चार वर्षांची चिनू समोर आली, की याचा पार शिपाई होतो. त्यांच्या घराण्यात होळकरांच्या वेळेपासून दरबारी नोकरी आणि लेकरांनाही अहो-जाहो करायची रीत. वाडवडिलांनी महाराजांपुढे केले नसतील एवढे मुजरे हा त्या फ्रॉकवालीपुढे करतो.

मुलांचा स्वभाव पाच वर्षांच्या आत कायमचा ठरून जातो, असं त्याने मोबाइलवर कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं आणि त्याची झोप उडाली. चिनूने बिस्किट लपवलं, की ही पुढे अफरातफर करणार. वाटून टाकलं, की हिला जग लुबाडणार. मांजराला पाहून ती रडली तर भित्री, शेपटी ओढली तर निर्दयी, आणि मांजराकडे बघितलंच नाही तर हा मला फोन करणार (इंदुरात भैयाचा भिया होतो), "भिया, हिला कशातच इंटरेस्ट नाही हो!"

त्याच व्हिडिओतल्या सद्गृहस्थाने पुढे सांगितलं होतं, की मुलांना हुकूम सोडू नका, त्यांना निवडू द्या, त्याने निर्णयशक्ती वाढते. झालं! सुदामा नगरातल्या त्या घरात सकाळ उजाडते तीच सवालांनी. "चिनूजी, निळा फ्रॉक घालता की पिवळा?" "दूध कपात घेता की ग्लासात?" "आधी डावी चप्पल की उजवी?" आणि चिनूजी ठरवेपर्यंत सगळं घर ताटकळत उभं. एकदा कचऱ्याची गाडी गाणं वाजवत दारात आली, तर याने दोन्ही डबे लेकीपुढे धरले. "आधी गीला टाकायचा की सूखा?" चिनू विचारात पडली, गाडी वळणावर दिसेनाशी झाली, आणि साहेब दोन हातांत दोन डबे घेऊन पायजम्यावर गाडीमागे धावत सुटले. माझी मेहुणी आतून ओरडली, "अहो, कचऱ्यात कसली निर्णयशक्ती आलीये?"

मी हे किस्से घरोघरी रंगवून सांगत होतो, तेवढ्यात चिनू बालवाडीत चावली. आधी एका पोराच्या मनगटाला, मग एका मुलीच्या दंडाला. बाईंनी निरोप पाठवला, की शनिवारी भेटा. पुन्हा असं झालं तर तिला घरीच ठेवावं लागेल. साडू माझ्याकडे आला तो पांढराफटक पडून. "भिया, स्वभावच असा निघाला तर? घरी तर कधी चावत नाही. तुम्ही चला ना सोबत, तुम्ही बोलण्यात तेज आहात. माझी तर जबानच बंद होऊन जाते." माझ्या जिभेवर चावण्याबद्दल एक फर्मास कोटी तयार होती, पण समोरचा चहा त्याने तोंडालाही लावला नव्हता. मी ती गिळली.

शनिवारी बालवाडीतल्या त्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही दोघं गुडघे छातीशी घेऊन बसलो. बाई बिचाऱ्या चांगल्या होत्या. त्यांनी चिनूला जवळ बोलावलं आणि रंगाचे दोन खडू पुढे केले. "बेटा, लाल की हिरवा? जल्दी सांग बरं, बाकीची मुलं थांबलीयेत ना!" चिनूने लालकडे पाहिलं, हिरव्याकडे पाहिलं, पुन्हा लालकडे पाहिलं. मला काहीच वेगळं दिसलं नाही. साडू मात्र एवढ्या झटक्यात उठला, की खुर्ची उलटी झाली.

"बाई, हात मागे घ्या! तिला विचारू नका!"

बाईंनी हात मागे घेतला. चिनूचे दात घट्ट आवळलेले होते आणि डोळे पाण्याने भरले होते. साडू तिच्याशेजारी फरशीवरच बसला.

"घरी आम्ही थांबतो हो," तो बाईंना म्हणाला, "तिचं ठरेपर्यंत. इथं कोण थांबणार? घाई केली, की मग ती चावते." मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "खरं सांगू का भिया, मला स्वतःलाच काही ठरवायची भीती वाटते. माझं चुकलं आणि हिचं वाईट झालं तर? म्हणून सगळं तिलाच विचारत आलो."

बाईंनी उलटी पडलेली खुर्ची सरळ केली. "येऊ द्या तिला," त्या म्हणाल्या. "आम्हीही घाई नाही करणार. पण घरी एखादी गोष्ट तिला ठरवू द्या, बाकीचं तुम्ही सांगत जा. लहान आहे हो फार."

साडूने दोन्ही खडूंकडे पाहिलं. विम्याचा एवढा मोठा साहेब, कपाळावर घाम आला होता त्याच्या. शेवटी त्याने लाल उचलला आणि चिनूच्या मुठीत ठेवला. चिनूने तो घेतला, आणि एक लांब श्वास सोडला.

परत निघालो तेव्हा ती त्याच्या खांद्यावर झोपली होती. स्कूटरपाशी येऊन तो थबकला आणि कुजबुजला, "भिया, लालच बरोबर होता ना?"

"एकदम बरोबर," मी म्हणालो. चिनूने मूठ सोडली नव्हती. झोपेतच तिचा हात हलत होता, त्याच्या पांढऱ्या कॉलरवर लाल रेघा उमटत होत्या, आणि तो मान वाकडी करून, तिला जाग येऊ नये म्हणून, तसाच उभा होता.