यांच्या नावाचा ई-मेल

...त्या शनिवारी सकाळी नेहमीसारखं पाणी भरलं, कुकर लावला, पोळ्या करून झाकून ठेवल्या आणि नऊला केंद्राचं कुलूप काढलं. व्हीलचेअर पुसून घेतल्या. वॉकर मोजले, एक कमी होता... तो कल्याणला गेलेला आहे हे मग आठवलं.

नव्वदच्या दशकाची अखेर. डोंबिवली पूर्वेला दोन खोल्यांत आमचं रुग्णसाहित्य केंद्र चालायचं. घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असलं की खाट, वॉटरबेड, कुबड्या आम्ही वापरायला देत असू. माझ्या यजमानांनी, विनायकरावांनी, ते मित्रांबरोबर सुरू केलं होतं. हे गेले त्याला तेव्हा चौदा महिने झाले होते.

केंद्रात दोन कॉम्प्युटर, एक पुढच्या खोलीत, एक मागच्या. साहित्याची यादी फ्लॉपीवर घालून इकडून तिकडे न्यायची. कोणी विसरलं की यादीत खाट शिल्लक आणि खरी खाट मोहने गावात कुणाच्या तरी घरी... माणसं टेम्पो घेऊन यायची आणि तशीच परत जायची.

ई-मेल फक्त मागच्या कॉम्प्युटरवर, आणि तो मीच बघायची. फोनची लाइन एकच, म्हणून साडेदहा ते अकरा एवढाच वेळ. लिहायचं मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. यांच्या शेजारी बसून बसून ते मला जमायला लागलं होतं.

त्या शनिवारी सुजाता आली. मानपाड्याच्या एका कंपनीत ती कॉम्प्युटर सांभाळायची आणि सुट्टीच्या दिवशी आमचं काम करून द्यायची. तिने दोन खोल्यांत वायर ओढली, यादी एक केली, केंद्राच्या नावाने नवा ई-मेल उघडला. आता जुने-नवे सगळे मेल पुढच्या टेबलावरही दिसणार होते.

पुढच्या टेबलावर देवधर बसत, यांचे शाळेपासूनचे मित्र. "वहिनी, तुमची मक्तेदारी संपली आता!" म्हणत त्यांनी चष्मा लावला आणि आलेला मेल मोठ्याने वाचायला लागले.

"विनायकराव, तुमच्या पत्राने बरं वाटलं. आई गेल्यापासून मोकळेपणी बोललो ते तुमच्याशीच. मे महिन्यात येतोय. तुम्हाला भेटल्याशिवाय परत जाणार नाही."

मस्कतला नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांचा मेल. त्याच आठवड्यातला.

देवधर थांबले. "वहिनी... विन्या कुठून पत्रं लिहितोय?"

मग मला सांगावं लागलं. हे गेल्यावर पंधरा दिवसांनी या गृहस्थांचा पहिला मेल आला होता. आई कोलशेतला एकटी, वॉटरबेड तातडीने हवा. मी लगेच उत्तर दिलं. यांनी मशीनमध्ये करून ठेवलेलं 'आपला, विनायक' खाली आपोआप आलं आणि घाईत तसंच गेलं.

पुढच्या वेळी मात्र ते मला दिसलं... आणि मी खोडलं नाही.

नंतर त्यांची आई गेली. ते लिहीत राहिले, मी उत्तरं देत राहिले. यांनी काय लिहिलं असतं याचा विचार करून एकेक ओळ लिहायची. त्या अर्ध्या तासात मला जरा बरं वाटायचं, एवढंच खरं.

"पण काकू, तो माणूस येणार आहे हो," सुजाता म्हणाली. "त्याला काय सांगणार?"

"अगं, तेच कळत नाहीये मला."

देवधरांनी तो मेल बंद केला. मग म्हणाले, "मी कळवू का? तुम्हाला जड जाईल."

मी नको म्हटलं.

"एक सांगू?" ते चष्मा पुसत म्हणाले. "विन्याला पत्र लिहायचा भारी कंटाळा. दोन ओळींच्या वर त्याने काही लिहिलं नसतं."

मला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. त्या माणसाला ज्या शब्दांनी बरं वाटलं, ते यांचे नव्हतेच, माझे होते... हे माझ्या तोपर्यंत लक्षातच आलं नव्हतं.

नव्या ई-मेलखाली कोणाचं नाव घालू, असं सुजाताने जाताना विचारलं. मी म्हटलं, सध्या रिकामं ठेव.

दुसऱ्या दिवशी रविवार, केंद्र बंद. मी एकटीच गेले आणि नव्या पत्त्यावरून त्या गृहस्थांना लिहिलं... विनायकराव चौदा महिन्यांपूर्वी गेले, तुम्हाला आलेली सगळी पत्रं मी लिहिली, रागवायचं तर रागवा, पण मे महिन्यात या. खाली 'शालिनी' असं टाइप केलं आणि पाठवून दिलं.