दिल्लीतले रस्सीसाहेब

रस्सीसाहेब बोलता बोलता मध्येच गप्प झाले की समजायचं, जवळपास कुठेतरी दोर ताणलेला आहे. कस्तुरबा गांधी मार्गावर आमच्या ऑफिसजवळ एकदा बंद पडलेली बस ट्रकला दोर बांधून ओढत नेत होते. आम्ही चहाला निघालो होतो. त्यांनी छत्री आडवी धरून मला थांबवलं आणि कडुनिंबाच्या खोडाआड उभं केलं. ट्रक गेला, बस गेली, दोर काही तुटला नाही. मी विचारलं, सर, काय झालं? ते म्हणाले, "काही नाही झालं. पण दोर तुटला असता तर कुठे गेला असता, ते आधी बघायचं. मग आपण कुठे उभं राहायचं ते ठरवायचं."

त्यांचं आडनाव गायकवाड. मूळचे नगर जिल्ह्यातल्या शेवगावकडचे, पण तीस-पस्तीस वर्षं दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत आणि राहायला फरीदाबादला. मी लातूरहून यूपीएससीच्या परीक्षेसाठी दिल्लीत आले होते. तीनदा परीक्षा देऊन झाली, यश आलं नाही, आणि घरी परत जायचं मन होईना, तेव्हा या ऑफिसात कंत्राटी सहायक म्हणून लागले. धक्क्याला जहाज लावताना, बांधताना किंवा सोडताना कुठे अपघात झाला, तर त्याचा अहवाल आमच्या विभागात यायचा. समुद्र शेकडो मैल लांब, आणि खिडकीतून दिसायच्या त्या सरकारी गाड्या आणि माकडं. ऑफिसात सगळे त्यांना 'रस्सी साहब' म्हणत. पहिल्या दिवशी मला वाटलं, हे गृहस्थ नक्की जहाजावर काम केलेले असणार. आठवडाभराने कळलं की त्यांनी मुंबईला चौपाटीवर भेळ खाताना समुद्र पाहिला होता, आणि जहाज धक्क्याला बांधताना एकदाही पाहिलं नव्हतं.

हा नाद कसा लागला, हे त्यांनी मला कँटीनमध्ये सांगितलं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्यांच्या टेबलावर एक अहवाल आला. त्यात दोनच वाक्यं होती. दोर तुटला, एक कामगार मृत. त्यांना काही समजेना. गावाकडे विहिरीवर दोर तुटला तर बादली विहिरीत पडायची आणि गडी शिव्या द्यायचा. दोर तुटून माणूस मरतो कसा? त्यांनी साहेबाला विचारलं, साहेबाने वरच्या साहेबाला विचारायला सांगितलं. शेवटी बंदरावरून कामासाठी आलेल्या एका म्हाताऱ्या कप्तानाने त्यांना जिन्यात उभं राहून समजावलं. जहाज वाऱ्याने आणि भरती-ओहोटीने सतत हलत असतं. त्याला धरून ठेवणारा जाडजूड नायलॉनचा दोर रबरासारखा ताणत जातो, त्या ताणात सगळा जोर साठतो, आणि तो तुटला की दोन्ही टोकं डोळ्याला दिसणार नाहीत इतक्या वेगाने मागे येतात. वाटेत जे असेल ते जातं. हे सांगताना त्यांनी माझ्यासमोर एक रबरबँड ताणला, चहाचा कागदी कप उभा केला आणि कप उडवून दाखवला. शेजारच्या टेबलावर बसलेल्या लेखा विभागाच्या बाईंच्या साडीवर उरलेला चहा सांडला. त्यांनी सवयीने रुमाल काढून ती पुसली. त्यांनी हा प्रयोग पूर्वीही पाहिला असावा.

त्यांची जिज्ञासा ऑफिसपुरती नव्हती. मेट्रोच्या कामावरच्या क्रेनवाल्यांशी ते हिंदीत तासन् तास बोलत. रविवारी चर्चमधून निघाले की बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, रिक्षात बसवून स्वतः यमुनेकाठी नावाड्यांकडे जात. फरीदाबादला त्यांच्या शेजाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. जेवणाची पानं वाढली तरी यांचा पत्ता नाही. शोधल्यावर तंबूच्या मागे सापडले. तंबूवाल्याला खुंटीचा कोन विचारत होते.

दोरांची नावं हा त्यांच्या दुःखाचा विषय होता. ते म्हणत, आमच्याकडे गाईला दावं, बैलाला कासरा, मोटेला नाडा, मोळीला चऱ्हाट. घायपाताच्या वाकाचा दोर वेगळा, काथ्याचा सुंभ वेगळा. त्यांची मुलगी दिल्लीत वाढलेली. तिला या सगळ्याला एकच शब्द ठाऊक होता, रस्सी. "नाव गेलं की माणूस त्या वस्तूकडे बघायचं सोडतो," असं ते म्हणत, आणि मग मला एकेक नाव विचारून माझी परीक्षा घेत. लातूरची असूनही मी दोनदा नापास झाले.

पण ते खरे कोण होते, हे अहवाल वाचताना दिसायचं. प्रत्येक अहवालाच्या शेवटी एक रकाना असे, अपघाताचं कारण. बहुतेक अहवालांत तिथे लिहिलेलं असे, कामगाराचा निष्काळजीपणा. तो शब्द आला की ते पेन्सिलीने त्याच्याखाली रेघ मारत आणि समासात लिहीत, 'तो तिथे का उभा होता?' अहवाल परत जाई. कधी उत्तर येई, बहुधा येत नसे. आमच्या संचालक बाई चेन्नईच्या, कामाला कडक. त्यांनी एकदा विचारलं की, गायकवाडजी, हर बार यही सवाल क्यों? ते म्हणाले, मॅडम, मरायला म्हणून कोणी उभं राहत नाही.

मग यशवंतचं पत्र आलं.

पत्र मराठीत होतं, म्हणून टपाल विभागाने ते आमच्याकडे पाठवलं. कोकणातल्या एका खाडीवर एका खाजगी कंपनीचा धक्का होता. तिथे जहाजाचे दोर घेऊन लोखंडी खुंटांना अडकवायचं काम यशवंत करायचे. वय पंचेचाळीसच्या आसपास. दोर तुटला आणि त्यांचा डावा हात कोपरापासून गेला. कंपनीने उपचार केले होते, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पत्रात एवढंच होतं की, अहवालात मी निष्काळजी होतो असं लिहिलं आहे. मी दारू पीत नाही. वीस वर्षांत माझ्या हातून कोणाला खरचटलंही नाही. आता गावात लोक म्हणतात की ह्याचंच चुकलं, आणि माझी मुलगी घरी येऊन विचारते की बाबा, तुमचं काय चुकलं होतं. मला पैसे नकोत. तो एक शब्द काढून टाका.

मी इंग्रजी भाषांतर करून रस्सीसाहेबांसमोर ठेवलं. त्यांनी ते बाजूला सारलं आणि मूळ पत्र वाचलं. मग अहवाल काढला. अहवालाबरोबर धक्क्याचा एक फोटो होता आणि फुलीची खूण होती, यशवंत उभे होते त्या जागी. ती जागा अगदी दोराच्या रेषेत होती. नवख्या माणसालाही दिसावं इतकी चुकीची. रस्सीसाहेबांनी त्या फुलीवर पेन्सिल टेकवली. "वीस वर्षं हेच काम केलेला माणूस," ते म्हणाले, "आणि इथे?"

पुढचे तीन आठवडे त्यांनी घरी जेवणाच्या टेबलावर तो धक्का उभा केला. बुटांच्या खोक्याचं जहाज, खिळ्यांचे खुंट, सुतळीचे दोर. मी एका शनिवारी गेले तेव्हा काकू आणि मी स्वयंपाकघरात उभ्यानेच जेवलो. काकू म्हणाल्या की अगं, लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण टेबलावर पाणी भरलेलं घमेलं आणि त्यात भोपळा तरंगताना मी पहिल्यांदाच बघतेय. बाजारातून आणलेला लाल भोपळा म्हणजे भरतीच्या वेळचं जहाज होतं. एवढं करूनही उत्तर सापडलं नाही. ते म्हणाले, टेबलावर सगळं दिसतं, म्हणूनच कळत नाही.

त्यांनी प्रत्यक्ष पाहणीसाठी टिपण लिहिलं. ते परत आलं. दुसरं लिहिलं, तेही परत आलं. जुनं प्रकरण, जीव गेलेला नाही, अहवाल स्वीकारलेला. तिसऱ्या वेळी ते स्वतः संचालक बाईंकडे गेले आणि म्हणाले की, निवृत्तीला पाच महिने राहिलेत, मी आयुष्यभर जे कागदावर वाचलं ते एकदा बघू द्या. बाईंनी सही केली. पत्रव्यवहार मराठीत आहे, या कारणाखाली माझंही नाव त्यांनी त्यात घातलं.

आम्ही धक्क्यावर पोचलो ती सकाळची वेळ होती आणि एक जहाज लागत होतं. रस्सीसाहेब पाण्यापासून चांगले दूर उभे राहिले आणि पाहत राहिले. जहाज इतकं सावकाश येत होतं की थांबलंय असं वाटावं. रबरी गाद्यांना टेकलं तेव्हा सगळा धक्का किंचित हलला, पायांना कळला. बारीक दोरी आली, तिच्या मागून मोठा दोर. खुंटात अडकला. एक, दोन, सहा. मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. ते प्रत्येक दोराचं नाव मनात घेत होते.

यशवंत आम्हाला भेटायला आले होते. सदऱ्याची डावी बाही दुमडून टाचलेली, माणूस अबोल. कंपनीचा व्यवस्थापक बरोबर असल्याने तर ते काहीच बोलेनात. रस्सीसाहेबांनी त्यांना काही विचारलं नाही. जहाजाचं काम आटोपून दोर स्थिर झाले, तसा त्यांनी खिशातून खडू काढला आणि अपघात झाला त्या, आता मोकळ्या असलेल्या खुंटाभोवती सुरक्षित अशा पाच जागांवर फुल्या मारल्या. मला जहाजाच्या टोकाला, दोर सोडणारा अधिकारी जिथे असतो तिथे उभं राहायला सांगितलं. मी वर गेले. खालून ते ओरडले की हात वर कर.

मी हात वर केला. ते पहिल्या फुलीवर उभे राहिले आणि मान हलवली. दुसऱ्या फुलीवर गेले. तिथूनही नाही. पाचही जागा झाल्या. वरून मला ते दिसत नव्हते आणि खालून त्यांना माझा हात दिसत नव्हता. मध्ये पंपाची एक नवी खोली होती, अपघाताच्या काही महिने आधी बांधलेली. मग ते सावकाश चालत यशवंत उभे होते त्या जागी आले आणि तिथेही एक फुली मारली. तिथे मात्र त्यांना मी दिसले. अख्ख्या धक्क्यावर तेवढ्याच जागेवरून जहाजावरच्या माणसाचा इशारा दिसत होता.

मी खाली आले तेव्हा यशवंत बोलत होते. "वरचा माणूस हातानं सांगतो, ढील द्या, थांबा. तो हात दिसला नाही तर माझ्याबरोबरचे दोघं अडकतात. मी हात बघत होतो, साहेब."

"हे अहवाल लिहिणाऱ्यांना सांगितलं होतं?"

"त्यांनी विचारलं की तू धोक्याच्या जागेत होतास का. मी हो म्हटलं."

रस्सीसाहेब खाली बसले आणि त्यांनी त्या जागेवरची खडूची फुली रुमालाने पुसली. व्यवस्थापक म्हणाला की आमच्या हे लक्षातच आलं नाही. तो खोटं बोलत नव्हता, असं मला आजही वाटतं.

दिल्लीला परतल्यावर त्यांनी अकरा पानी टिपण लिहिलं. वरून सूचना आली की निष्काळजीपणा काढून 'मानवी चूक' असं घालावं, सगळ्यांनाच सोयीचं होईल. त्यांनी नकार दिला. निवृत्तीचा दिवस आला, हार झाला, समोसे झाले, फाईल तशीच. जाताना ते मला म्हणाले, "रेहाना, फाईलवर बसू नकोस, पण तिला बसूही देऊ नकोस." मी दर सोमवारी ती संचालक बाईंसमोर ठेवत गेले. चौथ्या महिन्यात त्यांनी सही केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं गेलं, इशारा दिसेल अशी सुरक्षित जागाच उपलब्ध नव्हती, कामगाराचा दोष नाही. त्याचं पत्र आम्ही यशवंतना मराठीतही पाठवलं. धक्क्यावर इशाऱ्यासाठी उंच मचाण झालं, आणि नव्या कामगारांना शिकवायला कंपनीने यशवंतनाच घेतलं.

गेल्या हिवाळ्यात रस्सीसाहेबांना पक्षाघाताचा झटका आला. चालणं थोडं सुधारलं, पण वाचा गेली. सगळं समजायचं, फक्त शब्द बाहेर येत नव्हते. आयुष्यभर प्रश्न विचारत आलेला माणूस खिडकीशी बसून राहू लागला. काकू सांगत की हे कधी कधी तोंड उघडतात, माझ्याकडे बघतात आणि पुन्हा मिटतात. मी यशवंतना फोनवर हे कळवलं होतं. जानेवारीत ते कोणाला न कळवता गाडीत बसले आणि फरीदाबादला येऊन थडकले. अंगात उसना स्वेटर, आणि काकूंसाठी पिशवीत सुके बोंबील.

मी गेले तेव्हा ते साहेबांच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसले होते. तो अबोल माणूस सकाळपासून बोलत होता. मचाण किती फूट उंच केलं, वारा दक्षिणेचा असला की आधी कुठला दोर घेतात, पावसाळ्यात जहाज कसं वागतं, नव्या मुलांना पहिल्या दिवशी काय दाखवतात. साहेब एकटक त्यांच्या तोंडाकडे बघत होते. काकूंनी दोनदा जेवायला हाक मारली, दोघांनी ऐकली नाही. मी यशवंतना हळूच म्हटलं की जरा थांबा, दमाल.

ते म्हणाले, "त्यांना विचारता येत नाही ना. मग मलाच सगळं सांगायला पाहिजे."

ते चार दिवस राहिले.