पुलापलीकडचं बैठं घर

ग्लेंडा हॉपवुडचं नशीब मला कधी बघवलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिच्याबद्दल चार शब्द बरे बोलले तर तुम्ही फसायचे नाही.

बिस्किटांच्या कारखान्यात आम्ही एकोणीस वर्षं शेजारी उभ्या होतो. मुकादम माझ्यावर खेकसायचा आणि तिला तब्येत विचारायचा. क्लबात दर रविवारी मांसाची सोडत निघते. मी पाच तिकिटं घेऊन हात हलवत परत यायची, ती एकच घ्यायची आणि भाजायचा मोठा तुकडा घेऊन जायची. वर माझ्या दारात येऊन म्हणायची, "इव्हॉन, आम्हा दोघांना एवढं कुठं जातंय? अर्धं ठेव तुला." त्याचा तर मला जास्तच राग यायचा. मांस मात्र आम्ही खायचो.

तिचा ट्रेव्हर आणि माझा कीथ एकाच वर्षी पेन्शनीत गेले. आम्ही दोघी त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान. तेव्हा जोडप्यातला एक जण पेन्शनच्या वयाचा असला की कौन्सिल, म्हणजे आमची नगरपालिका, दोघांनाही म्हातारं धरायची आणि भाड्याचा भार उचलायची. मग २०१९च्या मे महिन्यापासून ते बंद होऊन धाकट्याचं वय बघणार, असं ठरलं; त्याआधी अर्ज केलेल्यांना मात्र जुनाच नियम. ही बातमी ग्लेंडानेच आणली. फॉर्मसुद्धा तिनेच आणून दिला आणि म्हणाली, "आजच्या आज भर हं. उद्यावर टाकू नकोस."

कीथने तो घड्याळामागे खोचला. "आपण कधी कुणापुढे हात पसरलेत?" म्हणाला. फॉर्म सापडला तो नाताळची कार्डं मांडताना.

तेव्हापासून ग्लेंडा सरकारदरबारी म्हातारी आणि मी तरणीताठी. दोघी बासष्टच्या. तिच्या रिकाम्या खोलीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, माझ्या रिकाम्या खोलीपायी मदत कापली जाते. दर पंधरवड्याला मी वाकडी झालेली बोटं घेऊन रोजगार कचेरीत जायचं आणि नोकरी कुठे कुठे शोधली ते सांगायचं. मी बसथांब्याकडे निघाले की ही कुंडीतल्या ट्यूलिपमधून मान वर करून हात हलवायची. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

तिचं काहीतरी चुकलेलं सापडेल म्हणून मी नियमांचे कागद वाचायला लागले. चूक सापडली नाही, पण एक गोष्ट सापडली. जुन्या लोकांची मदत चालू राहते ती याच कौन्सिलच्या हद्दीत राहिले तर. दुसऱ्या हद्दीत घर घेतलं की नव्याने अर्ज करायचा, आणि नव्याला नवे नियम. ते वाचून मला बरं वाटलं, पण ग्लेंडा थोडीच कुठे जाणार होती?

मग ट्रेव्हरचे गुडघे गेले. तो जिना बसून उतरायला लागला. आणि कालव्याच्या पुलापलीकडे एक बैठं घर रिकामं झालं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं ते. पाव आणायला आम्ही रोज त्या काठाला जातो. तिकडची कौन्सिल वेगळी हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. तिकडचे कचऱ्याचे डबे तपकिरी आणि आमचे हिरवे, एवढाच काय तो फरक.

ग्लेंडा माझ्याकडे चहाला आली. "सही करू ना गं?" तिने विचारलं. "तू सगळं वाचतेस. तुला काय वाटतं?"

मी केक कापत होते. एक वाक्य बोलायचं होतं.

"ट्रेव्हरचा जिन्याचा त्रास तरी वाचेल," मी म्हटलं.

सहा आठवड्यांनी कचेरीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर ती येऊन बसली. अंगात चर्चला जायचा कोट. आता ट्रेव्हरची सगळी पेन्शन हिशेबात धरली जाते, भाड्याला जवळजवळ काहीच मिळत नाही, आणि हिने वयाची सहासष्ट वर्षं होईपर्यंत काम शोधायचं. हेच तर मला हवं होतं.

"सहीआधी कागदपत्रं कुणा जाणत्याला दाखवून घेऊ, असं ट्रेव्हर म्हणत होता," ती म्हणाली. "मीच म्हटलं, कशाला? इव्हॉनला सगळं माहीत असतं. काही वावगं असतं तर ती गप्प बसली असती का?"

मी भिंतीवरच्या सूचना वाचत राहिले. तिने पिशवीतून कागदात बांधलेलं सँडविच काढलं. रविवारच्या सोडतीतलं मांस. त्याचे दोन भाग करून मोठा माझ्या हातात दिला.

"खा गं. तुझा नंबर यायला वेळ आहे."

मी माझा भाग तसाच पिशवीत ठेवून दिला. ती मात्र सावकाश, चवीने खात होती. त्याचाही मला हेवा वाटला.