खरवडलेला खडक

ओहोटीचे पाणी मागे सरले आणि खडक उघडा पडला. तीन वर्षांपूर्वी त्यावर लाल शेवाळाची दाट, मऊ झूल असायची, असे लोक सांगतात. आज तो घासून काढलेल्या तव्यासारखा दिसत होता.

त्या शेवाळातून 'अगर' हा जेलीसारखा पदार्थ काढण्याची एक निर्मळ पद्धत मी बसवली होती. तीत तीव्र रसायने नव्हती, केवळ गरम पाणी होते. उरलेला चोथाही खत म्हणून शेतात जाई. मला मात्र शेवाळ ठाऊक होते ते पोत्यातून वाळून आलेले. कापलेल्या शेवाळातला अर्क वाहून वाया जाईल या काळजीने मी ते गोळा करणाऱ्या बायकांना निरोप धाडला होता, की मुळासकट आणा.

"बुडखा राखून कापायची आमची रीत," शेजारी उभ्या असलेल्या जनाबाई म्हणाल्या. "पण शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर कालथ्यानं खरवडलं. आता बघा, तुमच्या टकलासारखा झालाय खडक! कालवं गेली, खेकडे गेले. आम्ही पोटाला काय आणायचं? परत येईल का हो शेवाळ?"

मी वाकून उघड्या खडकावरून हात फिरवला. निर्मळपणाची परीक्षा आपण आपल्याच भांड्यात घेतो. ते भरताना दुसरीकडे काय रिते झाले, हे पाहत नाही.

"जाऊ दे, साहेब," माझा चेहरा पाहून त्याच म्हणाल्या, "तुम्ही काय मुद्दाम केलंत?"

मुद्दाम केले नव्हते, हे खरे. पण या तीन वर्षांत मी एकदाही ओहोटीच्या वेळी येथे आलो नव्हतो, हेही खरे.