बटण प्रेशरा

आमच्या भोसरीच्या ऑफिसात कोडपेक्षा किस्से जास्त साठतात. कोड निदान अधूनमधून डिलीट तरी होतो.

चाकणच्या कारखान्यांतल्या मशीनच्या स्क्रीनचं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. फायलींची नावं अशी: ‘फायनल’, ‘फायनल_खरंच’, ‘फायनल_हात_लावू_नका’. शेवटी कदम सर वैतागले. ‘‘नावांचे नियम हवेत. कावेरी, तू लिही. तू बोलत नाहीस, म्हणजे वाद होणार नाहीत.’’

*

माझ्या शेजारी लातूरचा सोमनाथ बसतो. त्याच्या कोडमध्ये एका तात्पुरत्या फंक्शनचं नाव होतं ‘पाहुणा’. ते मी काढायला गेले, तर अर्धं सॉफ्टवेअर बंद.

‘‘दोन दिवसांसाठीच आणला होता की ओ त्याला,’’ सोमनाथ म्हणाला.

‘‘घरजावई झालाय तो,’’ सर म्हणाले. ‘‘आता नाव तरी बदल.’’

*

त्याच उत्साहात सोमनाथने स्क्रीनवरचा ‘दाब’ शब्द एका झटक्यात सगळीकडे बदलून ‘प्रेशर’ केला. सकाळी चाकणहून ऑपरेटरचा फोन.

‘‘ताई, स्क्रीनवर ‘बटण प्रेशरा’ आलंय. मी प्रेशरलं. आता सोडू का?’’

मी नियम लिहिला: नाव बदलण्याआधी ते कुठे कुठे वापरात आहे ते बघावं, आणि ज्याचं आहे त्याला विचारावं. सरांनी तो प्रिंट काढून भिंतीवरच लावला.

*

थेरगावला घरी हे सांगितलं की माझा नवरा, नीलेश, पोट धरून हसायचा. सासूबाई हसायच्या नाहीत. त्यांच्या डोक्यात माझं नाव होतं. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने सुनेचं नवं नाव लिहायचं, ते लग्नाच्या गडबडीत राहून गेलं होतं. आता रविवारच्या पूजेत उरकायचं. ‘‘नीलेशची नीलिमा. कसं शोभतं बघ!’’

मला कावेरीच राहायचं होतं. पण नियम लिहिणं वेगळं, सासूबाईंपुढे तोंड उघडणं वेगळं.

रविवारी ताट आलं. नीलेशने अंगठी हातात घेतली आणि थांबला.

‘‘आई, बदलायच्या आधी ज्याचं नाव त्याला विचारावं लागतं. हिच्या ऑफिसात भिंतीवर लावलंय.’’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी अंगठी घेतली आणि लिहिलं, ‘कावेरी’.

सासूबाई ताटाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडून अंगठी मागून घेतली, माझ्या नावाखालचे तांदूळ हाताने सारखे केले आणि स्वतःच काहीतरी लिहिलं.

सासऱ्यांनी चष्मा लावला. ‘‘चंपा? सुनंदा, ही चंपा कोण?’’

‘‘आहे एक,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘पुष्कळ दिवस वापरात नव्हती.’’