उंबऱ्याबाहेरचे आतोबा

घरी परत येणं ही एक विद्या आहे आणि साऱ्या नगर जिल्ह्यात ती एकट्या माझ्या आतोबांना साधली होती, हे मी आजही कुणाशी पैज लावून सांगेन. आतोबा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. श्रीगोंद्याच्या मराठी शाळेत भूगोल शिकवता शिकवता ते पेन्शनीत निघाले होते. इतर माणसं कुठंतरी पोचायला म्हणून घराबाहेर पडतात. आतोबा बाहेर पडत ते परत येता यावं म्हणून. सर्व्हिस मोटारीत पाय ठेवला की ड्रायव्हरला पहिला प्रश्न, "परतीची किती वाजता?" मग गाव दिसेनासं होईपर्यंत मागच्या काचेतून बघत राहायचं, आणि नंतर जे डोळे मिटायचे ते थेट उतरायचं ठिकाण येईपर्यंत. एकदा मी त्यांच्याबरोबर खर्ड्याचा किल्ला बघायला गेले होते. दरवाजात उभं राहून त्यांनी एकदा वर पाहिलं, "मोठा आहे," एवढं म्हणाले, आणि लगेच, "चल, गाडी चुकायची." गाडीला तीन तास अवकाश होता! पण घरी आल्यावर ओसरीवर पाय पसरून त्यांनी त्या किल्ल्याचं जे वर्णन सुरू केलं ते दिवेलागणीपर्यंत संपेना. बुरुजावरचा वारा कसा कानात गुणगुणतो, तटावरून संध्याकाळची गुरं कशी मुंग्यांएवढी दिसतात. आम्ही बुरुजावर चढलोच नव्हतो. मी तसं म्हणायला तोंड उघडलं तर आत्यानं डोळे वटारले. मग मीही गुमान ऐकत बसले. खोटं कशाला बोलू, खर्डा म्हटलं की आज मला आठवतो तो आतोबांनी ओसरीवर बांधलेलाच किल्ला.

पण ही झाली ओसरीवरची गोष्ट. खरा सोहळा त्याआधी उंबऱ्याबाहेर व्हायचा. प्रवासाहून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायांवर पाणी घालायचं, डोळ्यांना पाणी लावायचं आणि मगच त्याला घरात घ्यायचं, ही आपल्याकडची रीत. वाटेतली दृष्ट वाटेवरच राहावी, एवढाच तिचा अर्थ. लांबच्या प्रवासाला ती सगळेच पाळतात. आतोबांना ती नुसतं सुप्याच्या बाजाराला जाऊन आलं तरी लागायची. एकदा तर ते टपालपेटीत कार्ड टाकून आले आणि उभे राहिले. आत्या आतून ओरडली, "अहो, टपालपेटीनं तुम्हाला काय दृष्ट लावली?" तर म्हणाले, "एक माणूस माझ्याकडे फार वेळ बघत होता." आता आतोबांचं रूप म्हणाल तर काडीला धोतर नेसवावं असं. कपाळापेक्षा कान मोठे, पुढचे दोन दात बोलण्याआधी बाहेर. त्यात दृष्ट लागण्याजोगं काय होतं ते एक तो परमेश्वर जाणे नाहीतर माझी आत्या जाणे. पण हात पुसत, कुरकुरत ती टोपल्यातली भाकरी मोडून घेऊन यायचीच. ती दारात आली की आतोबा हात जोडत, डोळे गच्च मिटून घेत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही निवांत समाधान पसरे की बघणाऱ्यालाही पेंग यावी. आत्याला कौतुकाची भाषा येत नव्हती. तुकडा टाकताना ती पुटपुटायची ते एवढंच, "आले एकदाचे."

एकदा आत्या विहिरीवर गेली असताना ते नगराहून आले. भर उन्हात वळकटी डोक्यावर घेऊन तासभर बाहेर उभे. शेजारच्या कासारणीला दया आली. ती म्हणाली, "मास्तर, आत्याबाई येस्तवर मी टाकते की तुकडा. माझ्या हाताला काय झालंय?" आतोबा म्हणाले, "नको बाई. ज्या हातानं वाट धरायची त्याच हातानं सोडवायची असते." या वाक्याचा अर्थ कासारणीला कळला नाही, मलाही कळला नाही, पण ते हलले नाहीत हे खरं.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी गल्लीतल्या भजनी मंडळाच्या बायकांनी नाशिक-त्र्यंबकची मोटार ठरवली आणि आत्याचं नाव घातलं. आत्या जन्मात कुठं गेलेली नव्हती. मला शाळेची सुट्टी होती, म्हणून सोबतीला मी. आतोबा मोटारीपर्यंत पोचवायला आले. "जाते हं," आत्या म्हणाली. "जाते काय म्हणतेस? येते म्हण, येते!" ते एवढे ओरडले की ड्रायव्हरच म्हणाला, "येतो मास्तर, येतो."

गोदेवर आत्या लहान पोरीसारखी हरखली. त्र्यंबकला पायऱ्यांवर बसून तिनं ढगात बुडालेला डोंगर बघितला तो दोन तास. मी म्हटलं, "आत्या, पाय अवघडतील, ऊठ." तर म्हणाली, "बघू दे गं. यांना सांगायला नीट बघून ठेवते." पण परतीच्या वाटेवर ती काचेला डोकं टेकून बसली. पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटार कोळशावर चालणारी, मागच्या भट्टीचा उबदार धूर आत यायचा. दोन्हीकडे उसाचे मळे, बायकांची भजनं हळूहळू मंदावलेली, निम्म्या जणी एकमेकींच्या खांद्यावर पेंगत होत्या. मला वाटलं आत्याही झोपली. तेवढ्यात ती काचेबाहेर बघत म्हणाली, "तीस-पस्तीस वर्षं झाली बघ, मी तुकडा ओवाळतेय. आता माझ्यावरून कोण टाकणार गं?"

त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात आतोबांशिवाय दुसरं कुणी नाही. "मी आधी उतरून पुढं पळते आणि टाकते," मी म्हटलं.

"तू तर माझ्याबरोबरच वाट चाललेली. बाहेरच्यानं बाहेरच्यावरून टाकायचा का?" आत्या हसली. "जाऊ दे. सरळ आत जाईन. बायकांचं कोण एवढं बघतं!" पण तिनं पदर तोंडाशी धरला होता. मला आतोबांचा असा राग आला म्हणता! जन्मभर फुकटचं देवपण भोगलं या माणसानं, असं मनात आलं.

राहुरीच्या अलीकडे मोटारीनं मान टाकली. "कोळसा ओला हाय मावशी, लई धूर करतोय. आता सकाळच्याला," ड्रायव्हरनं जाहीर केलं. झालं! संध्याकाळी घरी पोचायचे ते आम्ही धर्मशाळेत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी श्रीगोंद्यात शिरलो. गल्लीच्या तोंडाशीच कासारीण पुढं आली. "आलासा व्हय बाई! मास्तर कालपास्नं दारात हुबं हायेत. पीठ मागून नेलं माझ्याकडनं, दोनदा. मी म्हनलं मी थापून देते, तर न्हाईच म्हनले."

आणि खरंच, आतोबा दारात उभे होते. या खेपेला उंबऱ्याच्या आत. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, आणि कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरी. भाकरी कसली, वर्गात टांगायचा हिंदुस्थानचा नकाशाच तो, लंकेसकट! तीही दोन्हीकडून करपलेली.

"थांब!" आतोबा गरजले. "आत येऊ नकोस!"

आत्या जागच्या जागी थांबली. तिच्यामागं मी, माझ्यामागं गाठोडी घेतलेलं अख्खं भजनी मंडळ आणि सामान पोचवायला आलेला ड्रायव्हर. आणि मग काहीच होईना. आतोबा भाकरीकडे बघत, आत्याकडे बघत, परत भाकरीकडे बघत. शेवटी आत्याच म्हणाली, "अहो, काय झालं?"

आतोबा पुढं वाकले आणि त्यांच्या मते हळू आवाजात म्हणाले, "अगं, याच्यापुढं काय करायचं असतं?"

सगळी गल्ली खो-खो हसली. इतकी वर्षं ज्याच्यावरून ओवाळलं त्याला ओवाळायचं कसं ठाऊक नाही! आतोबा कावरेबावरे झाले. "मी कधी बघितलंच नाही गं," ते म्हणाले. "माझे डोळे मिटलेले असायचे."

आत्या मात्र हसली नाही. उंबऱ्याबाहेर हात जोडून उभ्या उभ्या ती सांगू लागली. "तुकडा मोडा."

"कुठनं मोडू?"

"कुठनं पण मोडा. हं. आता माझ्या डोक्यावरनं खाली उतरवा. उजवीकडनं. तीनदा. आता टाका." आतोबांनी तुकडा टाकला तो नेमका स्वतःच्या मागं, घरात. "अहो, दृष्ट घरात काय घेता? बाहेर टाका, बाहेर!" दुसरा बाहेर टाकला तो ड्रायव्हरच्या टोपीवर. "आता थोडं पाणी पायांवर." थोडं म्हणेपर्यंत सबंध तांब्या रिकामा! आत्याचं नवं लुगडं गुडघ्यापर्यंत चिंब. "असू द्या. आता ओला हात डोळ्यांना लावा." आतोबांनी मोठ्या भक्तीनं ओला हात स्वतःच्या डोळ्यांना लावला.

"माझ्या हो, माझ्या!" आत्या म्हणाली, पण तिच्या डोळ्यांना आता पाणी लावायची गरजच उरली नव्हती. मग काहीतरी आठवल्यासारखं आतोबा पुटपुटले, "आलीस एकदाची." आणि त्यांनी तिचा हात धरून तिला आत घेतलं.

त्या संध्याकाळी ओसरीवर आत्या बोलत होती आणि आतोबा ऐकत होते. ढगातला डोंगर तिनं एवढा सावकाश उभा केला की मी तो बघून आलेली असूनही तिच्या शेजारी बसून परत बघितला. आणि तेव्हापासून आतोबांनी एक गोष्ट सोडली. ते बाजाराहून येत, उंबऱ्याबाहेर तसेच हात जोडून उभे राहत, पण डोळे मिटत नसत. आत्या लाजून म्हणायची, "मिटा की, बघता काय?" ते म्हणायचे, "शिकतोय."

दोन वर्षांनी आत्या गेली, ज्वराचं निमित्त होऊन, चार दिवसांत. मला कळून मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पुढं दिवाळीच्या सुट्टीत मी श्रीगोंद्याला गेले. दार उघडंच होतं, घर कसं शांत शांत. मी पिशवी घेऊन थेट आत शिरणार, तोच आतून आवाज आला, "थांब गं. तिथंच थांब."

आतोबा आले. भाकरी गोल होती. त्यांनी तुकडा मोडला, उजवीकडून तीनदा उतरवला, बाहेर टाकला, पायांवर बेतानं पाणी घातलं. एकही चूक झाली नाही. त्यांची एखादी चूक व्हायला हवी होती असं मला इतकं वाटलं की मी डोळे गच्च मिटून घेतले. ओला हात पापण्यांना लागला.

"मिटू नकोस, पोरी," आतोबा म्हणाले. "नीट बघून ठेव."