राखीव जागा

एसटीत ‘आमदारांसाठी राखीव’ असं लिहिलेल्या जागेवर मी बसलो होतो आणि आमचे माजी आमदार अण्णा शेजारी दांडीला धरून उभे होते. तीनदा निवडून आलेला माणूस. गाडी चालली होती तो रस्ताही त्यांनीच आणलेला. मी उठू लागलो तर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बसा हो मास्तर. मी आता आमदार कुठं आहे?”

मुलाला वशिल्याने नोकरी लावा, असं सांगायला मी एकदा त्यांच्याकडे गेलो होतो. “दुसऱ्या कुणाच्या तरी पोराचा हक्क जाईल,” म्हणून त्यांनी नकार दिला. त्या रागात मी गावभर सांगत फिरलो, की अण्णा माजलेत. पुढच्या निवडणुकीत ते पडले. आपण माणूस निवडून देतो सगळ्यांसाठी आणि जोखतो मात्र आपल्या एका कामावरून.

“मुलगा लागला का कुठे?” अण्णांनी विचारलं.

“लागला. परीक्षा देऊन.”

त्यांचा चेहरा उजळला. “बरं झालं. तुमचं काम राहिलं, याची मला फार रुखरुख होती.”

तुम्हाला पाडणाऱ्यांत मीही होतो, एवढं एक वाक्य काही माझ्या तोंडून निघालं नाही.